न लागलेलं दही

१

बकाराम मेला तेव्हा त्याच्या दंडावरचा ताईत जिथल्या तिथे होता. काळा दोरा, पत्र्याची इवलीशी डबी, तोंडाला लाख. सुमित्राबाईंनी आधी त्या डबीला हात लावला आणि मग नाडीला. नाडी कधीच थांबली होती. एकोणीसशे अठ्ठावन्नचा वैशाख, दिवस कलता झालेला, आणि छपरीत बाजेवर गावातला सगळ्यात वडील माणूस असा पडलेला की ओळखू येऊ नये.

ओठ सुजून उलटले होते. डोळ्यांच्या खाचा बुजल्या होत्या. छातीवर उठलेल्या लाल गांधी आता काळवंडत होत्या. पण बाजेखाली ओकारी नव्हती, तोंडाला फेस नव्हता.

सुमित्राबाई केशोरीच्या दवाखान्यातल्या नर्स. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येत. एरवी दवाखाना म्हणजे त्या, एक कपाट आणि कनवटीची किल्ली. आज त्या दोन कोसांवर बाळंतपणाला गेल्या होत्या. परतताना शेताच्या धुऱ्यावरच निरोप भेटला आणि त्या चपला हातात घेऊन धावत आल्या.

हा चेहरा त्यांनी याआधी एकदा पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी विळ्यानं पाय कापला म्हणून बकारामला धाकट्या भावानं, खुशालनं, खांद्यावर टाकून दवाखान्यात आणलं होतं. सुमित्राबाईंनी पेनिसिलिनची सुई दिली आणि कापूस टाकून वळतात तोच म्हातारा असाच फुगला, असाच निळा पडला. दुसरी सुई देऊन त्यांनी त्याला ओढून आणलं, अगदी वेशीवरून. मग एका चिठ्ठीवर लिहिलं, ‘याला पेनिसिलिन टोचू नये’, ती डबीत बंद केली आणि दंडाला बांधली. खुशाल तेव्हा दाराशीच उभा होता. देवाच्या ताइतापेक्षा त्या ताइताला बकाराम जास्त जपे.

“आज यांना कुणी सुई टोचली?” त्यांनी विचारलं.

“सुई कोन टोचन, बाई?” खुशाल म्हणाला. “तुमचा दवाखाना त बंद होता.”

खरंच होतं. किल्ली त्यांच्याच कनवटीला होती. त्यांनी कंदील जवळ घेतला आणि दंड, कंबर, मांड्या बोटाबोटानं पाहिल्या. टोचल्याची खूण कुठंच नव्हती.

सुईनं मेलेला माणूस त्यांच्यासमोर पडला होता आणि सुई त्याला लागलीच नव्हती.

२

सकाळी पोलीस जमादार दुलीचंद सायकलवरून आला. आला तसा घरात शिरला आणि धानाच्या ढोलीमागून कागदाचा एक पुडा काढून आणला. उंदराचं औषध. पुडा फोडलेला होता.

“लो, मिल गया,” तो म्हणाला. “खाना कुणी बनवला?”

साऱ्या आंगणानं एकाच दिशेला पाहिलं. चुलीजवळच्या भिंतीला पाठ लावून धुरपता बसली होती, बकारामची सून. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी बोडीत, गावच्या तळ्यात, बुडाला. तेव्हापासून तिनं गळ्यात माळ घातली होती. सासऱ्यासाठी मास शिजवी, स्वतः खात नसे. गावातल्या बाया तिला आडून टोनही, चेटकीण, म्हणत. आज त्या आडून म्हणत नव्हत्या.

सुमित्राबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. “धुरपता, काल काय काय झालं ते सांग.”

“का सांगू बाई? सकारी खुशालकाकाजीचा बोकड कापला. हिस्से पडले. मामाजीचा हिस्सा आला, वर मानाचा तुकडा आला. मामाजी म्हनले, हिश्शाचा मटन सांजेले रांध, मानाचा तुकडा आत्ताच चुलीच्या आरावर धर. दात नाई ना त्याईले. वरून शेकला, आंतून कच्चाच, तसाच चोखत बसले. मी पानी आनाले गेली. वापस आली त गळा धरून बसले होते.”

“सगळा तुकडा खाल्ला?”

“अर्धा. दुसरा अर्धा शेकलाच नाई, कच्चाच शिक्यावर टांगून हाय.”

“आणि तू?”

“मी नाई खात, तुमाले ठाऊक हाय.” तिनं माळेला हात लावला. “खाल्ला असता त बरा झाला असता. आता कोन मानन?”

मरण आलं ते ताटातून आलं, ताट हिनंच केलं होतं आणि ताटातलं हिनं काही खाल्लं नव्हतं. हिच्यासाठी याहून वाईट काय असणार?

“उंदराच्या औषधानं माणूस ओकतो, जमादारसाहेब,” सुमित्राबाई उठून म्हणाल्या. “लसणासारखा वास सुटतो. गांधी उठत नाहीत. हे ते नव्हे.”

“तो फिर क्या है?”

“संध्याकाळपर्यंत सांगते.”

दुलीचंदनं आभाळाकडे पाहिलं. “मुडदा आन् ही बाई, दोघांची बंडी दिवस मावळायच्या आत साकोलीच्या ठाण्यावर निघेल. ठेवता येत नाही हिले इथं. लोकांची नजर पहा तुम्ही.”

सुमित्राबाईंनी पाहिली. आणि मग शिक्यावरचा तुकडा पदरात बांधून घेतला.

३

खुशालच्या आंगणात रुख्मिणी ताक घुसळत होती. खुशालची बायको, म्हणजे धुरपताची काकीसासू. जीभ अशी की मिरचीनं लाजावं.

“या बाई. त्या टोनहीची वकिली कराले आल्या का?”

“पाणी प्यायला आले.”

“पानी कायले, ताक घ्या. आता जमून राहिला दही. मांगं त तिनं माह्या घरचा दूधच बांधून टाकला होता.”

“म्हणजे?”

“तुमीच नाई का औषध देल्ला गाईले? तुमच्या औषधानं सडाची सूज उतरली, गाय दूध द्याले लागली. पन दही लागन तवा ना. तीन दिवस, बाई, तीन दिवस दूध जसाच्या तसा. विरजन टाका, झाका, सकारी पाहा त पानी. त्याच दिवसाले ते टोनही आली होती सूप मांगाले. चौथ्या दिवशी लागला. कायची नजर असन, सांगा.”

सुमित्राबाईंच्या ओठांशी गेलेलं ताक तिथंच राहिलं. महिन्याभरापूर्वी खुशाल दवाखान्यात येऊन गयावया करत होता. गायीचा सड दगड झालाय, मोरगावचा ढोर-डॉक्टर येत नाही. त्यांनी कपाट उघडून पेनिसिलिनच्या पाच कुप्या दिल्या होत्या, टवका उडालेली एक जुनी काचेची पिचकारी दिली होती, आणि दुधी भोपळ्यावर टोचून दाखवलं होतं. रोज एक, पाच दिवस. असं दूध विरजत नाही, हे त्यांनी पूर्वी दुसऱ्या एका गायीवर पाहिलेलं होतं. सांगायचं राहून गेलं होतं.

पाच कुप्या पाच दिवस टोचल्या असत्या, तर दही निदान सहा-सात दिवस लागलं नसतं. ते तीनच दिवस बिघडलं होतं.

मग उरलेल्या कुप्या कुठं गेल्या?

त्यांनी ताक तसंच ठेवलं आणि टिकारामचं घर गाठलं. गावात बोकड कापायचा, हिस्से टाकायचे ते टिकारामनं. पाणी वळवण्यावरून बकारामशी त्याचं वाकडं होतं. त्यामुळे तो आज आधीच घामाघूम झाला होता.

“मी नाई जी काई टाकलो! वीस घरचे वीस हिस्से, पळसाच्या पानावर. कोनाचा कोनता, मले तरी का ठाऊक?”

“पण मानाचा तुकडा कुणाचा ते ठाऊक असतं.”

“ते त साऱ्याइले ठाऊक. उजव्या फऱ्याचा, मांगच्या मांडीचा, गावच्या साऱ्याइत वडील मानसाले. माह्या बापाच्या आधीपासून हाय.”

“बोकड कसा होता?”

टिकारामनं नजर खाली घातली. केशोरीत बोकड विकत घेताना एक रीत असे. विकणाऱ्यानं तो साऱ्यांदेखत चौकातून चालवून दाखवायचा. लंगडला तर एकही हिस्सा उठत नसे. दुखणाईत जनावर कोणी खात नसे.

“चालला. पन उजवा मांगचा पाय जपून टाकत होता. आठ दिवसाआधी रानात पाह्यला होता मी त्याले, तीन पायावर होता. मी म्हटलो, खुशाल, हा कसा बरा झाला रे? तो म्हने, पाला बांधला.” टिकारामचा आवाज उतरला. “आन् फरा चिरलो त आंत पांढरा पांढरा. सायीवानी. पू नाई, बाई, पू मी वळखतो. वास नोहता. खुशाल म्हने, चरबी हाय, टाक मानाचा तुकडा.”

सुमित्राबाईंनी पदराची गाठ चाचपली. सुई कुणाला लागली होती, ते त्यांना आता कळलं होतं. बकारामला नाही. बोकडाला.

४

कळणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. साकोलीत, भंडाऱ्यात, नागपुरात कोण विचारणार होतं चरबी होती की साय? मासातलं औषध डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. ते ओळखण्याचं यंत्र सुमित्राबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. पण रुख्मिणीच्या घरच्या दुधानं ते तीन दिवस ओळखलं होतं.

त्या पुन्हा धुरपताकडे गेल्या. दारात जमादाराचा शिपाई होता. “विरजण हवं आहे,” त्या म्हणाल्या, आणि शिपायाला वाटलं, बाई येडी झाली.

धुरपतानं कोनाड्यातलं मडकं दाखवलं. “घेऊन जा सारा. पन मोडू देऊ नका, बाई. माह्या मायनं देल्लं होतं, लग्नाच्या बंडीत, पळसाच्या पानाच्या दोन्यात. बारा वर्सं झाली, एक दिवस खंड नाई.” मग तिला काय वाटलं कोण जाणे. जात्यावर म्हणतात तसं, पण सूर न लावता ती नुसतंच बोलली:

“दुधाले लागे दही बोटभर इरजनानं,
सासरी लागे जीव शब्दभर मायेनं.

माय म्हने हे. मामाजी मले पोरी म्हनत, बाई. सून नाई म्हनत.”

दवाखान्यात सुमित्राबाईंनी समोरच्या घरचं म्हशीचं दूध उकळलं, बोटाला सोसेल इतकं निवू दिलं, आणि तीन वाट्यांत सारखं ओतलं. पहिल्या वाटीत नुसतं दूध. दुसरीत टिकारामनं आणून दिलेला त्याच बोकडाच्या डाव्या फऱ्याचा तुकडा खलात कुटून, उकळलेल्या फडक्यातून पिळलेला रस. तिसरीत शिक्यावरच्या तुकड्याचा. मग प्रत्येकीत बोटभर विरजण. वर ताटली, ताटलीवर दगड.

वैशाखात दही लागायला दोन प्रहर पुरतात. त्या स्टुलावर बसून राहिल्या. एकदा कपाट उघडून नोंदवहीत पाहिलं. ‘गाईकरिता, पाच.’ त्यांचंच अक्षर होतं, गोल आणि नीटस. ते पान फाडलं तर कोणाला कळलं नसतं. त्यांनी वही मिटली आणि टेबलावर, वाट्यांच्या शेजारीच ठेवली.

उन्हं उतरली तेव्हा त्यांनी ताटल्या काढल्या. पहिली वाटी वाकडी केली, दही हललं नाही. दुसरी वाकडी केली. लागलेलं होतं, पण सैल, कडेला पाणी सुटलेलं. तिसरी वाकडी केली, आणि दूध टेबलावर सांडलं.

५

खुशाल धानाच्या बांधीत होता. सुतक घरात आणि हा धुऱ्यावर, कुदळीनं माती लावत. सुमित्राबाईंनी पाहिलं, धुरा त्याच्या बांधीचा नव्हता. पलीकडची बांधी बकारामची होती.

“खुशालभाऊ, गायीला दोन कुप्या पुरल्या ना? उरलेल्या तीन बोकडाला टोचल्या.”

कुदळ थांबली नाही. “कोन सांगे?”

“दूध सांगे. पिचकारी कुठं आहे?”

आता कुदळ थांबली. दूर गावात कुणीतरी बंडीला बैल जुंपत होतं, घुंगरांचा आवाज येत होता.

“पाय सुजला होता त्याचा,” तो म्हणाला. “हिस्से आधीच लागले होते, वीस घरं सांगून ठेवले होते. लंगडा बोकड कोन घेते? जेथं सूज, तेथंच टोचलो. तुमीच म्हनल्या होत्या ना, सूज जाते म्हून. गेली.” मग तो एकदम वळला. “मटनातून सुई लागते, हे मले का ठाऊक, बाई? तुमाले ठाऊक होता का?”

सुमित्राबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली होती ती सुईसाठी. ताटासाठी चिठ्ठी लिहावी हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं.

“नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“मंग मी काऊन गुन्हेगार? मी माह्या भावाले मारीन? खांद्यावर आनलो होतो त्याले.”

“भाऊ गेला तो चुकीनं. तुझ्या आणि माझ्या, दोघांच्या. पण आता धुरपता जातेय, ती चुकीनं नाही. जमादाराला एक वाक्य सांग.”

“आन् गावाले का सांगू? वीस घराले औषध भरलेला बोकड चारलो म्हून? मले जिता ठेवतील का ते?” त्यानं धुऱ्याकडे पाहिलं, ओल्या मातीकडे, पलीकडच्या बांधीकडे. “ते टोनहीच हाय, बाई. तिले जाऊ द्या. तिच्या मांगं ह्या बांध्या मी पाहीन.”

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं देऊन टाकलं होतं. पिचकारी बहुधा बोडीच्या गाळात गेली असावी, आणि आता ती कोणी काढणार नव्हतं.

६

दुलीचंदनं तिन्ही वाट्या पाहिल्या. हुंगल्या. तिसरी दोनदा वाकडी करून पाहिली. दारू पिणारा, शिव्या देणारा, पण डोकं जाग्यावर असलेला माणूस होता तो. सुमित्राबाईंनी सांगितलं ते त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बाई, मला पटलं,” तो म्हणाला. “पण अदालत में दही नहीं चलता. उद्यापर्यंत ह्या तिन्ही वाट्या नासतील. मग?”

“तुकडा उरला आहे अजून. नागपूरला पाठवा.”

“पाठवतो. पोट पण जाईल, तुकडा पण जाईल. तिथे विचारतील, कोणतं जहर पाहू? मी काय लिहू? पेनिसिलिन? ते तर दवा आहे. दवेची जाँच कोण करेल? जहर नाही एवढंच लिहितील, तेही सात-आठ महिन्यांनी.” त्यानं आवाज खाली आणला. “खुशाल कबूल नाही. टिकाराम म्हणतो, मी काही बोललोच नाही. बाकी बचे फक्त तुम्ही. कुप्या कुणी दिल्या हे पण लिहावं लागेल. नोकरी जाईल तुमची.”

“लिहा.”

त्यानं लिहिलं. त्यांनी सही केली. नोंदवहीचं पान त्यांनी स्वतः उघडून त्याच्यासमोर धरलं. खाली गोल, नीटस अक्षरात नाव. तरीही बंडी थांबली नाही. थांबली असती तर गावानं धुरपताला सोडलं नसतं, हे त्यांना समोर दिसत होतं. लोकांच्या हातांत काठ्या नव्हत्या अजून, पण दारं उघडी होती आणि कोणीच घरात नव्हतं.

बंडीत एका बाजूला चटईत गुंडाळलेला बकाराम, दुसऱ्या बाजूला धुरपता. सुमित्राबाई चाकाजवळ गेल्या.

“सापडलं, धुरपता. तुझ्या हातून काही झालेलं नाही. मी लिहून दिलंय.”

धुरपतानं मान हलवली. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. “इरजन?” तिनं विचारलं.

“आहे.”

“रोज लावा. उन्हाळा हाय, आंबते लवकर.”

चटईतून एक हात बाहेर लोंबत होता. दंडावरची पत्र्याची डबी बंडीच्या प्रत्येक धक्क्याला कडेवर वाजत गेली, नदीच्या उतारापर्यंत.

सुमित्राबाई रोज विरजण लावत राहिल्या. पावसाळा गेला, धान निसवलं, कापलं. बकारामच्या बांध्यांतलं धान खुशालच्या खळ्यावर पडलं. भंडाऱ्याहून ताकिदीचा कागद आला, मग बदलीचा कागद आला, त्यावर तारीख यायची होती. दवाखान्यातल्या बाईचं विरजण चांगलं लागतं, असं गावात झालं, आणि बाया वाट्या घेऊन येऊ लागल्या. एकदा रुख्मिणीनंही वाटी पाठवली. विरजण कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. सुमित्राबाईंनी सांगितलं नाही. त्यांनी बोटभर दिलं. तिच्या दुधालाही ते लागलं.

पौषात नागपूरचा कागद आला. जहर आढळलं नाही. तुकड्याबद्दल एकच ओळ होती. नमुना कुजलेला, तपासणीस अयोग्य.

आणखी पंधरा दिवसांनी, भर दुपारी, दवाखान्याच्या पायरीशी तुरुंगातून सुटलेली धुरपता उभी होती. केस कापलेले, गळ्यात माळ नव्हती. गावातून आली ती घरावरूनच आली होती. दाराला खुशालचं कुलूप होतं. तिला पाहून बायांनी पोरं आत घेतली.

“बस. जेव,” सुमित्राबाई म्हणाल्या. “माझ्यापाशी राहा. मी जाईन तिथं चल.”

“तुमी कोठं जाल, ते तुमाले तरी ठाऊक हाय का?” ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. “आन् मी संग असली त तुमाले घर कोन देईल? इरजन हाय का?”

सुमित्राबाईंनी मडकं आणलं. धुरपतानं अंगणातल्या पळसाची दोन पानं तोडली, काडीनं दोना टाचला, त्यात चार बोटं विरजण घेतलं. दुसरं पान वर झाकलं. मग ती नवेगावच्या रस्त्याला लागली, दोन्ही हातांत दोना धरून, सांडू नये म्हणून हळूहळू.

दोन्यातलं विरजण दुधाशिवाय फार तर एक दिवस तग धरतं. संध्याकाळपर्यंत तिला पावशेर दूध कुठं मिळालं का, ते सुमित्राबाईंना कधी कळलं नाही.